चूक जिथे स्वस्त पडते

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची खरेदी हा ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यांना शेन्झेन हे पावणेदोन कोटी वस्तीचं महानगर म्हणून फारसं ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी शेन्झेन म्हणजे फुतिएन जिल्ह्यातला एक उपजिल्हा, हुआचिआंगबेई. क्षेत्रफळ जेमतेम तीन चौरस किलोमीटर, आणि खरा बाजार त्याच्याही निम्म्यात. दक्षिणेला शेननान मार्ग, उत्तरेला होंगली मार्ग, पूर्वेला यान्नान आणि पश्चिमेला हुआफू मार्ग अशी त्याची चौकट. मधून जाणारा मुख्य रस्ता एक किलोमीटरही भरत नाही. २००८ साली चीनमधला इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला रस्ता असा किताब त्याला मिळाला आणि पर्यटकांच्या यादीतही तो जाऊन बसला. पर्यटक तिथून हेडफोन आणि पॉवर बँक घेऊन परततात आणि हा स्वस्त मालाचा बाजार आहे असं सांगत सुटतात. खरेदीच्या टेबलावरून दिसणारं चित्र वेगळं आहे. ऑर्डर मोठी असेल तर तोच भाग अधिकृत वितरकाकडे किंवा थेट कारखान्यात कमी भावात पडतो, कारण हुआचिआंगबेईच्या भावात काउंटरवाल्याचा नफा आणि त्याचं भाडं दोन्ही धरलेली असतात. तरीही जाणती माणसं नव्या वस्तूची सुरुवात तिथूनच करतात. याचं कारण मालाच्या भावात शोधून सापडत नाही. तिथे स्वस्त पडते ती चूक. या उपजिल्ह्याचं सगळं महत्त्व त्या एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट तिथे कशी घडली हे समजून न घेता त्याची नक्कल करू पाहणारे फसतात, असं माझं मत आहे.

चूक स्वस्त पडते म्हणजे काय, हे कळायला नवी वस्तू कशी तयार होते ते पाहावं लागतं. शेतातल्या पंपासाठी मोबाइलवरून चालणारा साधा कंट्रोलर घ्या. त्याच्या बीओएममध्ये, म्हणजे भागांच्या यादीत, शंभरेक ओळी सहज भरतात: मायक्रोकंट्रोलर, रिले, कपॅसिटर, कनेक्टर, अँटेना, टर्मिनल. त्यातली एक ओळ अडली की उरलेल्या सगळ्या ओळी गोदामात पडून राहतात. आणि ओळी अडतातच. कनेक्टरच्या पिनांमधलं अंतर अडीच मिलिमीटरऐवजी दोन निघतं, डेटाशीटवर दहा अँपिअर लिहिलेला रिले सातावरच तापतो, अँटेना डबीच्या झाकणाखाली सिग्नल धरत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात बसून ही चूक दुरुस्त करायची तर नवं सॅम्पल मागवायचं, कुरिअर, कस्टम्स, कागदपत्रं, आणि भाग हातात येईपर्यंत पंधरा-वीस दिवस सहज जातात. अशा पाच फेऱ्या झाल्या की पावसाळा संपलेला असतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. याचा परिणाम नुसता खर्चावर होत नाही, डिझाइन करणाऱ्याच्या स्वभावावरही होतो. तो चुकायला भितो. मागच्या वेळी चाललेला भाग पुन्हा टाकतो, त्याचं डिझाइन शिळं राहतं, आणि वर आपण त्याला कल्पकता नाही म्हणून नावं ठेवतो. हुआचिआंगबेईत तीच फेरी दिवसभरात पुरी होते. सकाळी तीन बनावटींचे रिले घेतले, दुपारी तापवून पाहिले, संध्याकाळी त्यातला एक पक्का केला. नमुन्याचं सर्किट बोर्ड एका दिवसात करून देणारे त्याच शहरात आहेत, आणि प्लास्टिकच्या डबीचा साचा पाडणारे बाओआन, लोंगहुआ किंवा शेजारच्या दोंगग्वानमध्ये तासा-दीड तासाच्या अंतरावर. एका फेरीत वाचणारे पैसे किरकोळ असतात. पण ज्याला एका महिन्यात वीस वेळा चुकता येतं त्याची वस्तू, दोनदाच चुकण्याची ऐपत असलेल्याच्या वस्तूपेक्षा चांगली निघणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

हे माझ्यासारख्या खरेदीवाल्याचंच मत आहे असंही नाही. २०१७ मध्ये स्कॉटी ॲलन या अमेरिकन अभियंत्याने या बाजारातून सुटे भाग गोळा करून चालता आयफोन जुळवला आणि त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. लोकांना त्यात जुगाडाची गंमत दिसली. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की स्क्रीन, बोर्ड, बॅटरी आणि कव्हर यांतला प्रत्येक भाग निवडून, नापसंत करून, बदलून घेण्याची सोय चालत जाण्याच्या अंतरात होती. त्याआधी वर्षभर, २०१६ मध्ये, अँड्र्यू 'बनी' हुआंग या हार्डवेअर तज्ज्ञाने या बाजारात फिरणाऱ्या परदेशी अभियंत्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. त्यात भागांची नावं, प्रकार आणि प्रश्न चिनी आणि इंग्रजीत समोरासमोर छापलेले होते, म्हणजे बोट दाखवून बोलता यावं. खरेदीच्या कामासाठी एका वस्तीची अशी स्वतंत्र पुस्तिका लागावी, हे मला तिच्यावर लिहिल्या गेलेल्या कौतुकाच्या लेखांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आता ही वस्ती कशी झाली ते. १९७९ मध्ये उत्तर ग्वांगदोंगच्या डोंगरांत युद्धाच्या भीतीने लपवून ठेवलेले तीन लष्करी रेडिओ कारखाने एकत्र करून शेन्झेनला आणले गेले आणि त्यांची हुआचिआंग ही कंपनी झाली. रस्त्याला आणि पुढे उपजिल्ह्याला नाव मिळालं ते तिचं. १९८० साली शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं. आजचा बाजार जिथे आहे तिथे तेव्हा शांगबू औद्योगिक वसाहत उभी राहिली: पाच-सहा मजली, रुंद खांबांच्या, मालाच्या लिफ्ट असलेल्या कारखान्यांच्या इमारती. हाँगकाँगहून सुटे भाग यायचे, इथे रेडिओ, टेलिफोन आणि कॅसेट प्लेअर जुळायचे आणि परत जायचे. अडचण होती ती लहान कारखान्यांची. नियोजित अर्थव्यवस्थेत भागांचा कोटा मोठ्या सरकारी कारखान्यांना मिळे, लहानांना बाजारच नव्हता. १९८६ मध्ये शहरातल्या शंभराहून जास्त इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या एकत्र आणून सेग हा समूह बांधला गेला. त्याचे प्रमुख मा फुयुआन हे आधी बीजिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयात होते, म्हणजे कोट्याची यंत्रणा त्यांनी आतून पाहिली होती. २८ मार्च १९८८ रोजी सेगने एका कारखान्याच्या इमारतीत सुट्या भागांचा खुला बाजार सुरू केला. काउंटर भाड्याने घ्या, माल मांडा, भाव तुमचा तुम्ही ठरवा. चिनी इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात या तारखेला मी मोठमोठ्या धोरणांपेक्षा जास्त वजन देईन.

पुढे जमिनीचे भाव चढले तसे कारखाने शहराबाहेर सरकले, इमारती मात्र जागेवर राहिल्या. कारखान्याचा मजला जड यंत्रं पेलण्यासाठी बांधलेला असतो, त्यावर मालाने भरलेले शेकडो काउंटर सहज बसतात. मालाची लिफ्ट आधीच असते. खांब दूर असल्यामुळे आत हव्या तशा गल्ल्या पाडता येतात. १९९४ मध्ये वानजिया हे मोठं दुकान आलं आणि किरकोळ गिऱ्हाईक या रस्त्याला लागलं. १९९८ मध्ये हुआचिआंग कंपनीने आपल्याच इमारतींत हुआचिआंग इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड उघडलं. २००० साली सेगच्या जुन्या बाजाराच्या जागी बहात्तर मजल्यांचा सेग प्लाझा उभा राहिला आणि त्याच्या खालच्या दहा मजल्यांवर पुन्हा काउंटरच बसले. कारखाना, गोदाम, दुकान, दुरुस्तीचं टेबल, कुरिअर आणि राहती घरं यांची सरमिसळ झाली, आणि बहुतेक शहरांचे नियम जी सरमिसळ होऊ देत नाहीत नेमकी तीच. हुआचिआंगबेई उपजिल्हा म्हणून वेगळा काढला गेला तो २००९ मध्ये, बाजार सुरू झाल्यानंतर एकवीस वर्षांनी. चीनमध्ये उपजिल्ह्याचं कार्यालय हे निवडून आलेलं सरकार नसतं. जिल्ह्याने नेमलेली ती सर्वांत खालची प्रशासकीय पायरी, आणि तिच्याखाली रहिवासी समित्या. अग्निसुरक्षा, स्वच्छता, बाहेरून आलेल्यांची नोंद, फेरीवाले, तक्रारी ही तिची कामं. आपल्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसशी तिचं थोडं साम्य आहे, पण तिच्यामागे पक्षाची समिती असते आणि घराघरापर्यंत पोहोच असते, ती आपल्याकडे नाही. या कार्यालयाने बाजार जन्माला घातला नाही. आधीच चालत असलेल्या बाजाराभोवती रेघ ओढली गेली आणि त्याला एक दार मिळालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं सरकारनेच केलं, मग बाजाराचं कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. विशेष क्षेत्र सरकारने केलं, सेग ही सरकारी कंपनी, जमीन सरकारी, आणि हाँगकाँगची सीमा मेट्रोने थोड्या मिनिटांवर, तीही राजकारणाने आखलेली. पण सरकारच्या खात्यावर सगळं जमा करायचं तर त्याच सरकारने घातलेले अडसरही त्याच खात्यात मांडावे लागतील. चीनमध्ये मोबाइल फोन बनवायला सरकारी परवाना लागे आणि तो मोजक्या कंपन्यांकडे होता; ही परवानापद्धत उठली ती २००७ च्या अखेरीस. दरम्यान तैवानच्या मीडियाटेकने चिप, सॉफ्टवेअर आणि नमुना डिझाइन एकत्र विकायला सुरुवात केली होती आणि पाच-दहा माणसांच्या टोळ्या हुआचिआंगबेईत बसून बिनपरवाना फोन काढत होत्या. परवानापद्धत मोडली कारण ती बाजारात आधीच मोडली होती. दुसरं उदाहरण रस्त्याचंच. मेट्रोच्या सात क्रमांकाच्या मार्गासाठी २०१३ ते जानेवारी २०१७ असा जवळजवळ चार वर्षं मुख्य रस्ता पत्रे ठोकून बंद होता. किरकोळ दुकानांची वाताहत झाली, अनेकांनी शटर कायमचं ओढलं. सुट्या भागांचा व्यापार मात्र मेला नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून चालत येतच नव्हतं. सरकारने जागा दिली, सीमा दिली, पुष्कळ वेळा डोळेझाक केली. त्या डोळेझाकीचा वाटा मोठा आहे, आणि कोणत्याही सरकारी अहवालात तो लिहिलेला नसतो.

गिऱ्हाईक चालत येत नाही म्हणजे काय, हे सांगायचं तर काउंटर म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि इथे बाहेरचे लोक हमखास चकतात. सेग किंवा हुआचिआंगच्या मजल्यावरचा काउंटर मीटर-दीड मीटर रुंद. काचेखाली चिपच्या रीळा, ट्रे, कापलेल्या पट्ट्या, मागे खोके, वर संगणक. बसलेली व्यक्ती बहुधा मालक किंवा त्याची बायको, आणि संध्याकाळी तिथेच मुलांचा अभ्यास चालतो. समोर मांडलेला माल म्हणजे दुकानाचा साठा समजायचा नाही, ती पाटी आहे: मी कनेक्टरवाला, मी मेमरीवाला, मी अमुक कंपनीच्या पॉवर चिपवाला. खरा साठा गोदामात, हाँगकाँगमध्ये किंवा दुसऱ्याच्या काउंटरवर असतो. दिवसभर संगणकावर, आधी क्यूक्यूवर आणि आता वीचॅटवर, व्यापाऱ्यांच्या गटांत एकच प्रश्न फिरत असतो: अमुक क्रमांकाचा भाग, अमुक तारखेचा लॉट, कोणाकडे आहे, काय भावाने? उत्तर आलं की पोऱ्या ढकलगाडी घेऊन धावतो, माल मोजला जातो, चिकटपट्टी लागते, कुरिअरवाला उचलतो. पट्टी ओढल्याचा कर्कश आवाज हा या इमारतींचा कायमचा आवाज आहे. गिऱ्हाईक ब्राझीलमध्ये असेल, नाही तर चाकणला. खरेदीवाल्याला या काउंटरकडून मिळतं ते भागापेक्षा मोलाचं असतं: हा भाग कंपनी बंद करणार आहे, त्याऐवजी तैवानचा अमुक घ्या, पाय तेच आहेत, याची आवक गेल्या महिन्यापासून आटली आहे, हा कनेक्टर आता सगळे स्पीकरवाले घेताहेत म्हणून लीड टाइम, म्हणजे माल हातात यायचा वेळ, वाढेल. हे डेटाशीटमध्ये नसतं, आणि वितरकाचा विक्रेता सांगत नाही, कारण त्याला आपल्याच कंपनीचा माल खपवायचा असतो. काउंटरवाल्याला कुठल्याच कंपनीशी निष्ठा नाही, हा त्याचा दोष म्हणतात. डिझाइनच्या टप्प्यावर तोच गुण ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: हा नकली मालाचा बाजार आहे. आहे, आणि झाकण्यात अर्थ नाही. शांतौजवळच्या ग्वेयू गावात जगभरचा ई-कचरा फोडून निघालेल्या चिप वर्षानुवर्षं याच काउंटरांवर आल्या. जुन्या चिपचा पाठीवरचा शिक्का घासून त्यावर नवा क्रमांक कोरायचा, ही कला इथे रुजली. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने २०१२ च्या अहवालात लष्करी साहित्यात शिरलेल्या संशयित बनावट भागांची सुमारे अठराशे प्रकरणं मांडली, भागांची संख्या दहा लाखांवर भरली, आणि माग काढता आलेल्या प्रकरणांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त चीनकडे गेली. भारतालाही झळ बसली. आयएमईआय क्रमांक नसलेले स्वस्त फोन आपल्या बाजारात इतके भरले होते की १ डिसेंबर २००९ पासून सरकारने असे फोन मोबाइल जाळ्यावरून बंद पाडले. तेव्हा रुग्णाच्या छातीशी लागणारं यंत्र, विमान, गाडीचा ब्रेक यांसाठी या काउंटरवरून भाग घेऊ नये. घेणारा खरेदीवाला गुन्हेगार आहे असं मी म्हणेन. पण या आक्षेपाने माझा मुद्दा मरत नाही, त्याची हद्द आखली जाते. तिथले धंदेवाले स्वतःच माल प्रतींत वाचतात: कंपनीचं सील असलेला, सुटा पण नवा, बोर्डावरून काढलेला, घासून शिक्का मारलेला. प्रत्येक प्रतीचा भाव वेगळा, आणि विचारणाऱ्याला विचारता आलं तर बहुधा उत्तर मिळतं. चाचणीचा नमुना जुळवताना काढलेली चिप चालते, उत्पादनात चालत नाही. डिझाइन पक्कं झालं की बीओएम घेऊन अधिकृत वितरकाकडे जायचं, आणि ॲसिटोनने शिक्का पुसून पाहणं, एक्स-रे, तारखेचा कोड यांना तिथेही सूट द्यायची नाही. ज्यांची फसगत होते ते बहुतेक वेळा शोधण्याच्या बाजारात पुरवठ्याची खरेदी करायला गेलेले असतात.

तिसरा आक्षेप नवा आहे, आणि चिनी वर्तमानपत्रांनीच तो वारंवार लिहिला आहे: हुआचिआंगबेई संपली. मिंगथोंग ही एके काळची मोबाइलची गजबजलेली इमारत २०२० च्या आसपास लिपस्टिक आणि फेसमास्कचा घाऊक बाजार झाली. सुटे भाग आता शेन्झेनच्याच एलसीएससीसारख्या संकेतस्थळांवरून घरबसल्या मागवता येतात. १८ मे २०२१ रोजी सेग प्लाझा वरवर काही कारण दिसत नसताना हलू लागला, हजारो माणसं रस्त्यावर धावत सुटली. दोष छतावरच्या मनोऱ्यात निघाला, तो उतरवला आणि सप्टेंबरमध्ये इमारत पुन्हा उघडली, पण तोवर मृत्युलेख लिहून झाले होते. मला हे मृत्युलेख घाईचे वाटतात. या इमारतींनी कॅसेट प्लेअर पाहिले, पेजर पाहिले, बिनपरवाना फोन पाहिले; २०१७-१८ मध्ये तिथे बिटकॉइन खणण्याची यंत्रं विकली गेली, मग आयफोनच्या इअरफोनच्या हुबेहूब नकलांची लाट आली. प्रत्येक वेळी मागची वस्तू मेली म्हणून बाजार मेला असं लिहिलं गेलं. बाजाराला कुठल्याही वस्तूचं प्रेम नाही. लिपस्टिकवर जास्त भाडं निघत असेल तर काउंटर लिपस्टिकला जाईल, आणि कारखान्याचा मजला बाजाराला ज्या नियमाने गेला होता तोच हा नियम आहे. तरी एका बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांची बाजू खरी आहे. ठरलेला, सर्वत्र मिळणारा भाग हवा असेल तर संकेतस्थळ आता काउंटरपेक्षा सरस आहे, आणि तो धंदा परत येणार नाही. काउंटरकडे उरतो तो अडलेला प्रश्न: क्रमांक माहीत नाही, हातात फक्त जळालेला तुकडा आहे, किंवा क्रमांक आहे पण कंपनीने तो बंद केला आहे. संकेतस्थळाच्या चौकटीत टाकायला आधी क्रमांक माहीत असावा लागतो.

ज्याची चर्चा मात्र कमी होते तो प्रश्न वेगळा आहे. चूक स्वस्त पडते ती आपल्याला; तिची किंमत भरतं कोण? कारण किंमत नाहीशी होत नसते. आपण तीन रिले घेऊन दोन फेकतो, पण ते तिन्ही मिळावेत म्हणून कुणीतरी तीनशे प्रकारचे रिले स्वतःच्या पैशाने भरून ठेवलेले असतात. २०२१ च्या चिपटंचाईत साठा असलेल्यांनी कमाई केली, आणि पुढल्या वर्षी भाव कोसळले तेव्हा चढ्या दराने भरलेला माल तसाच त्यांच्या गळ्यात राहिला. या व्यापाऱ्यांत छाओशान भागातून आलेल्या कुटुंबांचा वरचष्मा आहे. गावकी आणि नातेगोते यांवर उधारी चालते, म्हणूनच कागदाशिवाय लाखोंचा माल एका काउंटरवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. पण त्यामुळेच एकाचं बुडणं नात्यातल्या पाचांना घेऊन जातं. शेन्झेनमधल्या बहुसंख्य रहिवाशांकडे त्या शहराची हुकोउ, म्हणजे कायम रहिवासाची नोंद, नाही, आणि सरकारी शाळेतला प्रवेश, दवाखाना, घर हे सगळं त्या नोंदीशी कमीअधिक बांधलेलं आहे. काउंटरवरच्या पगारी मुली आणि ढकलगाडीवाले राहत ते गांगशियासारख्या शहराने गिळलेल्या खेड्यांतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत. ती खेडी पाडून टॉवर झाले तसे ते मेट्रोच्या टोकांना फेकले गेले. उपजिल्ह्याच्या कार्यालयाचा खरा हात या माणसांनी पाहिला तो कोविडच्या साथीत. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस थोडे रुग्ण सापडले आणि सेगसह इथले मोठे बाजार काही दिवस पूर्ण बंद केले गेले. भाड्याची तारीख बंद झाली नाही. आपल्या दुपारच्या तीन रिलेंमागे हा सगळा हिशेब उभा आहे, आणि हुआचिआंगबेईच्या चपळाईचं कौतुक करणाऱ्या लेखांत तो सहसा नसतो.

शेवटचा आक्षेप आपल्याकडचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. गर्दी तीच, काउंटर तसेच, उधारीही तशीच. मग तिथे नवी वस्तू का जन्मत नाही? आपल्या व्यापाऱ्यात काही कमी नाही. तपकीर गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला ट्रान्झिस्टरच्या पर्यायांची जी पाठांतराची यादी येते ती शेन्झेनच्या काउंटरवाल्याला लाजवेल. कमी आहे ती मागची साखळी. लॅमिंग्टन रोडवरचा बराचसा माल त्याच हुआचिआंगबेईतून आलेला असतो. तो रस्ता संपलेल्या प्रवासाचं टोक आहे, आणि त्याच्या पाठीमागे कारखाना नाही. उलट कारखाना जिथे आहे तिथे गल्ली नाही. पुण्याजवळ रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्सचा औद्योगिक समूह उभारण्याला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. सुमारे तीनशे एकर जागा, रस्ते, वीज, पाणी, तयार शेड. मोठ्या उत्पादकाला हे हवंच असतं, त्यात वाद नाही. पण त्या नकाशात मीटरभर रुंदीचा काउंटर बसत नाही. एमआयडीसीत उद्योगाचा भूखंड वेगळा, व्यापाराचा वेगळा, राहण्याचा त्याहून वेगळा, आणि एकाचा वापर दुसऱ्यासाठी करायचा तर अर्जांची मालिका. शांगबूच्या कारखान्याचा मजला ज्या सैलपणामुळे बाजार झाला, तो सैलपणा आपण नियमबाह्य ठरवला आहे. शिवाय सॅम्पल म्हणून आलेल्या पाच चिपांनाही कस्टम्समधून जावं लागतं, आणि लहान उद्योजकाचा बराच वेळ तिथेच जातो.

यावर मोठ्या घोषणा सुचवण्याची खरेदीवाल्याची योग्यता नाही, पण कामातून कळलेली दोन कामं सांगता येतात. रांजणगाव किंवा तळेगावसारख्या ठिकाणी एका शेडचा तळमजला चौरस फुटाऐवजी काउंटरच्या मापाने, महिन्याच्या भाड्यावर, व्यापाऱ्यांना द्यावा, आणि तपकीर गल्लीतल्यांना तिथे दुसरं काउंटर थाटायला आधी बोलवावं. आणि थोड्या किमतीच्या, मोजक्या नगांच्या इलेक्ट्रॉनिक सॅम्पलसाठी विमानतळावर अशी वेगळी खिडकी असावी की माल दुसऱ्या दिवशी सुटेल. पहिल्या कामाला बांधकामाच्या नियमांत एक ओळ बदलावी लागेल, दुसऱ्याला कस्टम्सचं एक परिपत्रक काढावं लागेल.